आरोग्यसेवा आणि सामाजिक आधार यांची स्थानिक जोडणी : केरळच्या घरपोच शुश्रूषेचा अनुभव

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. चौकशी केली असता पुष्कळदा उत्तर मिळते, "आजी अंथरुणाला खिळली आहे," किंवा "वडिलांना अर्धांगवायू झाला आहे आणि आईला कामावर जावे लागते." अशी विद्यार्थिनी अभ्यासात मागे पडते आणि पुढे शिक्षण सोडते. तिची बुद्धी कमी पडलेली नसते. घरातील आजारपण सांभाळायला दुसरे कोणी नसते.

या घराला काय काय लागते याची यादी केली, तर औषध हा तिचा एक भाग असल्याचे दिसते. पाठीला पडलेल्या जखमांची मलमपट्टी, लघवीची नळी वेळेवर बदलणे, पाण्याची गादी, पेन्शनचा अर्ज, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, रेशन, लहान भावंडांची फी आणि रात्रंदिवस सेवा करणाऱ्या बाईला दोन तासांची उसंत, या सर्व गोष्टी तितक्याच निकडीच्या असतात. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी शासनाची स्वतंत्र खाती आहेत. दवाखाना आरोग्य खात्याचा, पेन्शन महसूल किंवा समाजकल्याण खात्याची, रेशन पुरवठा खात्याचे. प्रत्येक खात्याचा अर्ज वेगळा आणि खिडकी वेगळी. ज्या घरात चालताफिरता माणूसच उरलेला नाही, त्या घराने हे हेलपाटे घालावेत अशी अपेक्षा केली जाते.

या तुटक सेवा स्थानिक पातळीवर कशा जोडता येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केरळमधील अनुभवाच्या आधारे केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, जोडणीसाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. कोणीतरी नियमितपणे रुग्णाच्या घरी गेले पाहिजे. आणि त्या भेटीत कळलेली गरज भागविण्याची जबाबदारी व पैसा सर्वांत जवळच्या स्थानिक संस्थेकडे असला पाहिजे.

पार्श्वभूमी

जो आजार पूर्ण बरा होणार नाही, त्यातील वेदना व त्रास कमी करणे आणि रुग्णासह त्याच्या कुटुंबाला आधार देणे, या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपल्या देशात या कामासाठी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन ही संस्था सुरू झाली. पुढे गोव्यातही तिची शाखा निघाली. अशा संस्थांत रुग्णाला दाखल करून घेऊन त्याची सेवा केली जाते. त्यांचे कार्य मोलाचेच आहे, परंतु प्रत्येक गरजू रुग्णासाठी खाट पुरविणे कोणत्याही राज्याला शक्य नाही.

केरळमध्ये वेगळी वाट निघाली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीची स्थापना केली. आरंभी हा बाह्यरुग्ण विभाग होता. कर्करोगाच्या रुग्णांची वेदना तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनने आटोक्यात येत असे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर हे औषध मिळणे देशभर कठीण झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धत सुलभ झाली. मात्र कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की, वेदना थांबली तरी घरातील अडचणी तशाच राहतात. उपचारांत पैसा संपलेला असतो, मुलांची शाळा सुटलेली असते आणि कित्येक रुग्णांना दवाखान्यापर्यंत येणेही परवडत नाही.

यातून १९९९ नंतरच्या काळात शेजार-जाळ्याची कल्पना पुढे आली. गावातील शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी यांनी आठवड्यातून काही तास द्यावेत आणि आपल्याच परिसरातील रुग्णांकडे जावे, असे तिचे साधे स्वरूप होते. स्वयंसेवकांना सुमारे सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवस प्रत्यक्ष गृहभेटींचा अनुभव असे प्रशिक्षण दिले जाई. खर्च गावातील लहान लहान देणग्यांतून चाले. मलप्पुरम आणि कोझिकोड जिल्ह्यांत हे काम झपाट्याने पसरले. हळूहळू कर्करोगाखेरीज अर्धांगवायू, मूत्रपिंडाचे विकार, वार्धक्य व दीर्घ मानसिक आजार असलेले रुग्णही त्यात आले.

२०१० मध्ये इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने जगातील ४० देशांमधील अंतकाळच्या शुश्रूषेची तुलना प्रसिद्ध केली. तीत भारताचा क्रमांक शेवटचा होता. त्याच अहवालात, देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ३ टक्के लोक असलेल्या केरळमध्ये देशातील दोन-तृतीयांश पॅलिएटिव्ह सेवा असल्याची नोंद होती.

ग्रामपंचायतीचे स्थान

केवळ स्वयंसेवेवर ही व्यवस्था टिकली नसती. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर केरळने प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत दिली. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेतून राज्याच्या नियोजन निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे आला. अंगणवाडी आणि समाजकल्याणाच्या अनेक योजनाही पंचायतीशी जोडल्या गेल्या. म्हणजे आरोग्य आणि सामाजिक साहाय्य ही दोन्ही कामे एकाच दारात आली.

एप्रिल २००८ मध्ये केरळ शासनाने पॅलिएटिव्ह केअर धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य होय. या धोरणाने तीन स्तर मानले आहेत. पहिला स्तर ग्रामपंचायतीची गृहशुश्रूषा, दुसरा सामुदायिक आरोग्य केंद्र व तालुका रुग्णालय आणि तिसरा जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्या स्तरावर खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका नेमली जाते. तिचे मानधन, भाड्याचे वाहन, औषधे व साहित्य यांचा खर्च पंचायतीच्या निधीतून होतो. देखरेख समितीचे अध्यक्षपद पंचायतीच्या अध्यक्षांकडे असते आणि अंमलबजावणी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे.

गृहभेटीतून जोडणी कशी घडते

एक कल्पित उदाहरण घेऊ. अर्धांगवायू झालेला सत्तर वर्षांचा गृहस्थ, सोबत वृद्ध पत्नी आणि एक नात. परिचारिका, आशा सेविका आणि स्वयंसेवक घरी येतात. परिचारिका जखम धुते, नळी बदलते, रक्तदाब पाहते आणि कूस कशी बदलावी हे पत्नीला करून दाखविते. त्याच वेळी स्वयंसेवक बोलत बसतो. रेशन मिळते का, पेन्शन चालू आहे का, नात शाळेत का गेली नाही, हे त्याला त्या गप्पांतूनच कळते. सर्व माहिती एकाच नोंदपत्रकात लिहिली जाते.

परतल्यावर कामाची वाटणी होते. गोळ्यांच्या मात्रेचा प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो, पेन्शनचा अर्ज वॉर्डाच्या सदस्याकडे, नातीचा प्रश्न शाळेकडे. पाण्याची गादी पंचायतीकडून वापरण्यापुरती मिळते. पुढच्या भेटीत मागील नोंद उघडली जाते आणि काय झाले, काय राहिले, हे तपासले जाते. कोणतेही खाते यासाठी बंद करून दुसऱ्यात विलीन करावे लागले नाही. निरोप पोहोचविण्याचे काम मात्र रुग्णाच्या शिरावरून उतरले, आणि हाच या व्यवस्थेचा गाभा आहे.

मर्यादा

या प्रयोगाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा विसरता कामा नयेत. सर्व पंचायतींतील काम सारख्या दर्जाचे नाही. परिचारिका बहुधा कंत्राटी असून कामाच्या मानाने त्यांचे मानधन तुटपुंजे आहे. भेट महिन्यातून एक-दोनदा होते. उरलेले दिवस भार घरातील स्त्रीवरच असतो. शिवाय केरळची परिस्थिती वेगळी आहे. साक्षरता अधिक, वस्ती सलग, आरोग्य केंद्रे जवळ आणि वृद्धांचे प्रमाणही जास्त (२०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील लोक केरळमध्ये १२.६ टक्के, देशात ८.६ टक्के). म्हणून हा नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

आपल्या केंद्रांसाठी बोध

आपले वाचक गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी विखुरलेले आहेत. प्रत्येक राज्याच्या योजना निराळ्या. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, तर कर्नाटकात संध्या सुरक्षा योजना. बेळगावात सरकारी कागदपत्रे मुख्यतः कन्नडमध्ये, वडोदऱ्यात गुजरातीत. घरात मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या वृद्धाला खाते कोणते इथपासून अर्जावर काय लिहिले आहे इथपर्यंत अडचण येते. येथे दोन्ही भाषा जाणणारा तरुण विद्यार्थी हाच जोडणीचा दुवा ठरू शकतो.

दुसरी अनुकूल गोष्ट अशी की, २०१८ पासून केंद्र शासनाने आरोग्य व निरामय केंद्रे सुरू केली असून आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची व पॅलिएटिव्ह सेवा समाविष्ट आहे. यादीतील सेवा घरापर्यंत आणण्यासाठी स्थानिक रेटा मात्र हवा. अध्यापकांना पुढील कामे सहज हाती घेता येतील :

१) सततच्या गैरहजेरीची कारणे नोंदविताना घरातील आजारपण हा स्वतंत्र रकाना ठेवावा.

२) राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून महाविद्यालयाच्या परिसरातील अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची, त्यांच्या संमतीने, यादी करावी. ही माहिती गोपनीय राहील याची काळजी घ्यावी.

३) ती यादी घेऊन आरोग्य केंद्राचे अधिकारी, आशा सेविका आणि नगरसेवक किंवा पंचायत सदस्य यांना एकत्र बसवावे.

४) आपल्या राज्यातील पेन्शन, दिव्यांगत्व व रेशन योजनांची माहिती घरच्या भाषेत एका पानावर छापून द्यावी.

५) विद्यार्थ्यांनी औषधोपचारात हात घालू नये, ते काम परिचारिकेचे. त्यांनी बोलावे, नोंद घ्यावी, अर्ज भरून द्यावा आणि पुन्हा जावे.

यांतील शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा सर्वेक्षण करून न परतणारी माणसे या घरांनी पुष्कळ पाहिली आहेत.

समारोप

केरळच्या अनुभवात आरंभीचे पाऊल वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी टाकले, शेजाऱ्यांनी ते गावोगाव नेले आणि पंचायतीने ते स्थिर केले. शासनाचे धोरण पंधरा वर्षांनी आले. आपल्याकडे धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. हजेरीपटावरील एका गैरहजर विद्यार्थिनीच्या घरी जाऊन तिथे काय हवे आहे हे विचारण्यापासून आरंभ करता येईल. तिच्या आजीला नियमित शुश्रूषा मिळाली, तर ती मुलगी वर्गात परत येण्याची आशा आहे. अध्यापकाच्या दृष्टीने या सर्व खटाटोपाचे प्रयोजन तेवढे पुरेसे आहे.