गॅस्ट्रिनची नळी

सकाळी 6. अमरावतीत राजापेठेजवळ आमची लॅब. शटर उघडलं की आधी फ्रीजरचं तापमान वहीत लिहितो. मे महिन्यात इकडे आणि अकोल्याला पारा 45 च्या वर जातो, आणि आजच्या यादीत गॅस्ट्रिन आहे. बर्फाची पेटी रक्त काढायच्या टेबलाशेजारीच हवी.

हे संप्रेरक जठराच्या खालच्या भागात तयार होतं आणि रक्तातून वरच्या भागाला आम्ल सोडायला लावतं. जॉन एडकिन्स यांनी 1905 मध्ये त्याचा माग काढला. आम्ल पुरेसं झालं की गॅस्ट्रिन उतरतं. पण वरच्या भागाचं अस्तर झिजलं तर आम्लच बनत नाही, मग गॅस्ट्रिन चढतच राहतं. अशा अस्तरातून बी-12 शोषायला लागणारा घटकही मिळत नाही. म्हणून पायाला मुंग्या, थकवा अशी तक्रार असलेल्यांनाही डॉक्टर कधीकधी ही तपासणी लिहून देतात.

7. दर्यापूरकडचे एक काकाजी पहिल्या एस.टी.नं आलेत.

"काकाजी, काही खाल्लं?"

"नाई ना बाप्पा. रातच्या आठले जेवलो, मंग पान्याबिगर काईच नाई."

"अन् गोळी?"

"थे तं रोजचीच हाये, पित्ताची गोई. तीन वर्सांपासून घेऊन रायलो. गोई काय जेवन हाये का?"

मी सुई ठेवून दिली. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आम्ल दाबतात, आणि त्या दाबामुळेच गॅस्ट्रिन वाढतं. उपाशीपोटी साधारण 100 पिकोग्रॅमच्या आत असणारा आकडा काही पटींनी चढतो आणि धडधाकट अस्तरही झिजल्यासारखं दिसतं. डॉक्टरांना फोन लावला. गोळी कधी आणि कशी थांबवायची ते त्यांनी काकाजींना नीट समजावलं. त्यांचा रोज बुडाला, भाडं गेलं, याचं फार वाईट वाटलं. तरी भलताच आकडा हातात देण्यापेक्षा हे बरं. चिठ्ठी लिहून देतानाच गोळीचं विचारलं असतं तर ही खेप वाचली असती.

8. पुढच्या ताई तयारीनिशी आल्या होत्या. रक्त गोठू दिलं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं, वरचं पिवळसर सीरम काढून लगेच गोठवलं. रक्तातलेच एन्झाइम गॅस्ट्रिन तोडतात; साध्या फ्रिजमध्येही ते टिकत नाही.

दुपारभर शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन.

4. अकोल्याचा डबा मूर्तिजापूरवरून आला. उघडून आधी पाहिलं: नळी दगडासारखी कडक. वितळलेली असती तर परत पाठवली असती, त्यात तडजोड नाही. सोबत पेप्सिनोजेन या जठराच्याच दुसऱ्या तपासणीची मागणी आहे, ते छान. दोन्ही मिळून अस्तर कुठे झिजलंय याचा अंदाज येतो. खालचाच भाग झिजला असेल तर गॅस्ट्रिन वाढत नाही, आणि एकटा आकडा फसवतो.

6. ड्राय आइसमध्ये नळ्या भरून मुंबईला रवाना. सोबतच्या कागदावर उपवासाचे तास आणि गोळ्यांची नावं.

8. आधीच्या एका पेशंटचा रिपोर्ट आला. गॅस्ट्रिन खूप वाढलेलं, पेप्सिनोजेन-1 कमी, गोळ्या नाहीत. मुलानं विचारलं, "कॅन्सर तं नाही ना, भाऊ?" या आकड्यावरून ते कळत नाही. दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा तपासल्यावरच डॉक्टर सांगतील. तेच त्याला सांगितलं आणि उद्याच दवाखान्यात जायला लावलं.

तुम्हाला ही तपासणी लिहून दिली असेल तर रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेऊ नका. पित्ताची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ती कधीपासून चालू आहे ते तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.