डीएसएलआर घ्यावा की खिशातला कॅमेरा?

चंडीगडच्या सेक्टर ४३मधल्या बसस्थानकावरून हिमाचलच्या गाड्या सुटतात. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत या फलाटांवर मराठी हमखास कानावर पडते. पुण्याची, नाशिकची, ठाण्याची कुटुंबं सिमला-मनालीच्या गाडीची वाट बघत बसलेली असतात. त्यांतल्या कोणाच्या तरी गळ्यात डीएसएलआर असतो, त्याला कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स लावलेली असते, आणि फोटो मात्र मोबाइलवर काढले जात असतात. घरातली चाळीस-पन्नास हजारांची वस्तू अशी ओझं होऊन राहते, कारण ती घेताना ऐकलेला सल्ला ऐकीव असतो. "घ्यायचाच आहे तर डीएसएलआरच घे, कॉम्पॅक्ट म्हणजे खेळणं," हे वाक्य कोणत्या ना कोणत्या काकांनी किंवा दुकानदाराने ऐकवलेलं असतंच.

या समजुतीच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: कॅमेरा जेवढा मोठा, तेवढा फोटो चांगला. डीएसएलआरचं शरीर जाड असतं ते लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा बसवलेला असतो म्हणून. त्या आरशावरून उजेड वर फिरवून डोळ्यापर्यंत आणायची सोयही त्याच शरीरात असते. ही सगळी व्यवस्था तुम्हाला दृश्य दिसावं यासाठी आहे. बटण दाबल्यावर आरसा बाजूला होतो, आणि फोटोत त्याचा काही वाटा राहत नाही. फोटोची प्रत ठरते ती मुख्यतः दोन गोष्टींवर: सेन्सरचं क्षेत्रफळ किती आणि लेन्सचं तोंड किती उघडतं.

याची दोन उदाहरणं बघा. निकॉनचा कूलपिक्स पी१००० हा २०१८ साली आलेला कॅमेरा जवळजवळ १४०० ग्रॅमचा आहे. तो हातात घेतला की कुठल्याही प्राथमिक डीएसएलआरपेक्षा भारदस्त वाटतो, पण आत सेन्सर आहे स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये असतो तेवढाच, म्हणजे साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा. उलट रिकोचा जीआर ३ (२०१९) अवघ्या २५७ ग्रॅमचा आहे. तो सदऱ्याच्या खिशात जातो आणि त्याच्यात निकॉनच्या प्राथमिक डीएसएलआरइतकाच, साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा सेन्सर आहे. त्याला झूम नाही, एकच रुंद कोन आहे. तरी ज्याला रस्त्यावरची माणसं आणि इमारती टिपायच्या आहेत, त्याला हा खिशातला कॅमेरा पुरून उरतो.

म्हणजे "कॉम्पॅक्ट" ही एक जात नाही. तिच्यात निदान तीन वेगळे कॅमेरे आहेत. पहिला लहान सेन्सरवाला, सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा. दुसरा ज्याला "एक इंची" म्हणतात तो, सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. त्याची कोणतीही बाजू एक इंच भरत नाही, कर्णही सोळा मिलिमीटरच आहे, पण पहिल्यापेक्षा तो चौपट मोठा आहे. तिसरा रिकोसारखा, डीएसएलआरच्या मापाचा. कॅननच्या प्राथमिक डीएसएलआरचा सेन्सर ३३२ चौरस मिलिमीटरचा असतो. दुकानात "कॉम्पॅक्ट दाखवा" म्हणालात, तर यांतला कोणता समोर येईल याचा नेम नाही. म्हणून सेन्सरचं माप आधी विचारा, बाकीचं नंतर.

आता सगळ्यात पक्का गैरसमज: "कमी उजेडात डीएसएलआरला तोड नाही."

इथे आकडे मांडूनच बघायला हवेत. कॅननचा १५००डी हा प्राथमिक डीएसएलआर घ्या, सोबतच्या १८-५५ लेन्ससह. ही लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ उघडते आणि झूम करत गेलात की एफ/५.६ पर्यंत मिटते (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं). शेजारी ठेवा कॅननचाच पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३, एक इंची सेन्सरचा, ३०४ ग्रॅमचा. त्याची लेन्स रुंद टोकाला एफ/१.८ आणि झूमला एफ/२.८. तेवढ्याच जागेवर कॉम्पॅक्टची लेन्स जवळजवळ चौपट उजेड टाकते. डीएसएलआरचा सेन्सर पावणेतीन-तीन पट मोठा आहे हे खरं, पण चौपटीने तो फायदा भरून निघतो आणि थोडा उजेड वर उरतो. चंडीगडच्या सुखना तलावाच्या बांधावर सूर्य मावळल्यानंतर, किंवा सिमल्याच्या मॉल रोडवर दिवे लागल्यानंतर, या दोघांनी काढलेल्या फोटोंत डीएसएलआरचा फोटो उजवा ठरेल, असं मानायला कसलाही आधार नाही.

मग डीएसएलआरची कीर्ती खोटी का? मुळीच नाही, फक्त ती कीर्ती कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सची नाही. त्याच १५००डीवर कॅननची ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावा. १६० ग्रॅमची, कॅननच्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक. आता झूम केलेल्या किट लेन्सच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो, आणि खिशातला कॅमेरा खूप मागे पडतो. बारशाचे, हळदीचे, घरातल्या मंद दिव्यातले फोटो पाहून लोक "डीएसएलआरचा फोटो बघा" म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा कौतुक अशाच एखाद्या लेन्सचं चाललेलं असतं.

धूसर पार्श्वभूमीचंही असंच. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं मऊ झालेलं, हा परिणाम मिळावा म्हणून कितीतरी तरुण डीएसएलआर घेतात, आणि घरी येऊन किट लेन्सवर फोटो काढून हिरमुसतात. यासाठी लेन्सच्या तोंडाचा प्रत्यक्ष व्यास बघावा लागतो. तो काढणं सोपं आहे: लेन्सच्या मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागा. किट लेन्स ५५ भागिले ५.६, म्हणजे दहा मिलिमीटरच्याही आत. जी७ एक्सची लेन्स झूमच्या टोकाला प्रत्यक्षात ३६.८ मिमी असते, तिला २.८ने भागलं की तेरा मिलिमीटर. म्हणजे चेहरा चौकटीत सारख्याच आकाराचा ठेवला, तर पार्श्वभूमी खिशातला कॅमेरा जास्त धूसर करेल. आणि ती ५० मिमीची लेन्स? जवळजवळ अठ्ठावीस मिलिमीटर. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर हा हिशेब करता येतो.

"डीएसएलआरमध्ये झूम जास्त" हा समज तर अगदीच उलटा आहे. १८-५५ म्हणजे तीन पट झूम. हिवाळ्यात सुखना तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. या लेन्सने त्यांचा फोटो काढलात तर पाण्यावर ठिपके दिसतील. कॅननचा एसएक्स७४० हा खिशात मावणारा कॅमेरा चाळीस पट झूम देतो. सेन्सर लहान असल्यामुळे धुक्याच्या सकाळी फोटोत दाणे येतात, रंग फिके पडतात, पण बदक बदक म्हणून ओळखू येतं. डीएसएलआरला हेच काम नीट करायचं तर ७०-३०० सारखी दुसरी लेन्स घ्यावी लागते. ती घेतलीत तर मात्र फोटोची प्रत त्या कॉम्पॅक्टच्या कितीतरी पुढे जाईल.

रुंद टोकालाही हीच गोष्ट. चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलातलं ल कॉर्ब्युझिएचं सचिवालय २५४ मीटर लांब आहे. ही इमारत समोरून एका चौकटीत बसवायची, तर १५००डी आणि किट लेन्स घेऊन तुम्हाला दोनशे मीटर मागे जावं लागेल. जी७ एक्स थोडा जास्त रुंद बघतो, त्याला एकशे सत्तर मीटर पुरतात. तीस मीटरच्या या फरकात वाटेत झाड येतं, कुंपण येतं, आणि इमारत अर्धी राहते.

चंडीगडच्याच रॉक गार्डनमध्ये नेक चंद यांनी फुटक्या बांगड्यांपासून केलेल्या बाहुल्या आहेत. त्या बांगड्यांचे तुकडे जवळून टिपायला "मोठा कॅमेरा" लागतो असं वाटतं. किट लेन्सला पंचवीस सेंटिमीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही. जी७ एक्स पाच सेंटिमीटरपर्यंत जातो. शिवाय लहान सेन्सरमुळे जवळच्या फोटोत पुढचा-मागचा भाग जास्त खोलवर स्पष्ट राहतो. एरवी ज्याला उणीव म्हणतात, तीच इथे कामी येते.

एवढं सगळं कॉम्पॅक्टच्या बाजूने लिहिलं, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे. पण दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. भर उन्हात कॉम्पॅक्टचा पडदा दिसेनासा होतो, आणि बऱ्याच कॉम्पॅक्टना डोळा लावायची खिडकीच नसते. डीएसएलआरमध्ये डोळा लावला की प्रत्यक्ष दृश्य दिसतं. धावणारं मूल, कबड्डीची चढाई, उडणारा पक्षी, अशा गोष्टींत डीएसएलआर नेम पटकन धरतो. जी७ एक्ससारखे अनेक कॉम्पॅक्ट इथे गडबडतात. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ याला अपवाद आहे, पण त्याच्या किमतीत प्राथमिक डीएसएलआर आणि वर दोन लेन्स येतात. बॅटरीचा फरक तर डोळ्यांत भरणारा: प्रमाणित चाचणीत जी७ एक्स एका चार्जमध्ये २३५ फोटो काढतो, १५००डी ५००, आणि निकॉनचा डी३५०० तब्बल १५५०. रोहतांगच्या थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते. कॉम्पॅक्ट नेणार असाल तर जादा बॅटरी अंगाला लागून, आतल्या खिशात ठेवा. थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं.

मेगापिक्सेलचा गैरसमज आता जुना झाला, तरी मरत नाही. ए४ आकाराची उत्तम छपाई करायला ८७ लाख पिक्सेल, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. लग्नाच्या अल्बमचं बारा बाय अठराचं पान वीस मेगापिक्सेलमध्ये छापता येतं. चोवीसच्या पुढचा आकडा बघून पैसे मोजू नका.

"शिकायचं असेल तर डीएसएलआरच हवा" हे अर्धसत्य आहे. छिद्र, शटर, आयएसओ हाताने ठरवायची सोय आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती), दोन्ही चांगल्या कॉम्पॅक्टमध्येही असतात. झूमवाल्या स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये मात्र रॉ बहुधा मिळत नाही. एसएक्स७४० मध्येही नाही. हिरव्या ऑटो खुणेवरच डीएसएलआर ठेवलात, तर पाच वर्षांनीही काही शिकणं होणार नाही.

"कॉम्पॅक्ट बंद असतो, त्यात धूळ जात नाही" हेही खरं नाही. पुढेमागे होणारी लेन्स हवेबरोबर धूळ आत ओढते, आणि ती काढायला कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे उघडावा लागतो. डीएसएलआरच्या सेन्सरवरची धूळ निदान साफ करून मिळते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यातली बुरशी तर दोघांनाही लागते. सिलिका जेलची पुडी आणि हवाबंद डबा, एवढी काळजी घ्याच.

आता मोबाइलचं. लहान सेन्सरचा साधा कॉम्पॅक्ट आज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता त्याच्यापेक्षा मोठा असतो. लांबचा झूम हवा असेल, तरच तो घेण्याला अर्थ आहे.

नवा प्राथमिक डीएसएलआर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. निकॉनने डी३५०० बंद केला आहे, आणि कॅनन-निकॉन दोघांचंही नवं काम आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर चालतं. याचा अर्थ डीएसएलआर निरुपयोगी झाला असा नाही. कॅननच्या ईएफ लेन्स १९८७पासून बनत आहेत, जुन्या बाजारात त्या भरपूर मिळतात, आणि अॅडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेसवरही चालतात. निकॉनच्या बाबतीत जपून: डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. त्यामुळे घरातल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर बसतात, पण स्वतःहून फोकस करत नाहीत. मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा कुठूनही वापरलेला डीएसएलआर घेताना त्याने आजवर किती फोटो काढले, म्हणजे शटर काउंट, जरूर तपासा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

माझा निवाडा असा. दुसरी लेन्स घेण्याचा बेत आणि त्यासाठी बाजूला काढलेले पैसे असतील, तर डीएसएलआर घ्या. पहिली खरेदी ५० मिमीची करा, बॅग आणि फिल्टर मागाहून. एकच किट लेन्स आयुष्यभर लावून ठेवायची असेल, तर त्या पैशांत एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या. तो सहलीत खिशात राहील आणि वेळेवर हाताशी येईल. दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या, दोन्ही कॅमेऱ्यांत घालून दुकानातल्याच कमी उजेडाच्या कोपऱ्यात सोबतच्या माणसाचे फोटो काढा, आणि घरी मोठ्या पडद्यावर ते शेजारी-शेजारी लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.