न लागणारा रोग

भर उन्हाळ्यातही एखादा गृहस्थ पूर्ण बाह्यांचा सदरा घालून वावरतो, पंगतीत कडेची जागा धरतो, तेव्हा आपल्या मनात येणारी पहिली शंका फारशी उदार नसते. बँकेच्या काउंटरवर नोटा देणाऱ्या हातावर चट्टे दिसले की घेणारा हात किंचित मागे सरतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. बऱ्याचदा ते चट्टे सोरायसिसचे असतात, आणि सोरायसिस कुणापासून कुणाला लागत नाही.

तो ओळखावा कसा? कोपर, गुडघे, कंबर आणि डोके या त्याच्या ठरलेल्या जागा. तिथे स्पष्ट कडांचे जाडसर चट्टे उठतात आणि त्यांवरून चंदेरी पापुद्रे सुटतात. गोऱ्या अंगावर चट्टे लाल दिसतात, सावळ्या अंगावर जांभळट किंवा करडे. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. कोंडा समजून वर्षानुवर्षे शाम्पू बदलणारे आणि गजकर्ण समजून मिळेल ते मलम चोपडणारे घरोघरी सापडतील.

निरोगी त्वचेची पेशी तयार होऊन गळून पडायला सुमारे ४ आठवडे लागतात. इथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरते आणि तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकले जाते. म्हणून थरांवर थर साचतात. यात संसर्ग करणारा जंतू नाही. तरीही महारोगाशी त्याची गल्लत शतकानुशतके होत राहिली. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. आता तर महारोगही औषधाने पूर्ण बरा होतो. भीती मात्र जुनीच राहिली.

सोरायसिस समूळ जात नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. मलमे, प्रकाशोपचार, गोळ्या, आणि अलीकडची महागडी बायोलॉजिक इंजेक्शने, असे अनेक मार्ग त्वचारोगतज्ज्ञांकडे आहेत. खरा धोका असतो तो ‘हमखास गुण’ देणाऱ्यांकडे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्यांनी चट्टे झटपट विरतात. त्या अचानक बंद केल्या की रोग कधीकधी सर्वांगावर उसळतो. मेथोट्रेक्सेटची गोळी या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो. दारू आणि तंबाखू त्याला खतपाणी घालतात.

घरात कुणाला सोरायसिस असेल, तर त्याचा टॉवेल वेगळा टांगू नका, ताट वेगळे वाढू नका. औषध डॉक्टर देतील. एवढे मात्र घरच्यांनाच करावे लागेल.