बिबट्याच्या भागात शेळ्यांचा गोठा

पालघर, बोईसरच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात बिबट्या नवा नाही. वारली कुटुंबे दिवाळीत वाघबारसेला वाघोबाला पुजतात. वस्तीजवळ तो येतो बहुधा कुत्री, शेळ्या, कोंबड्यांसाठी.

म्हणून आधी गोठा पाहा. कुडाचा आडोसा पुरत नाही. भिंत उंच असली तरी वर उघडे असेल तर बिबट्या आत उतरतो आणि कोंडलेल्या शेळ्या एका रात्रीत मारतो. चारही बाजूंनी मजबूत जाळी, वर पक्के छत आणि दाराला घट्ट कडी हवी. मेलेल्या कोंबड्या घराजवळ टाकू नयेत; त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी होते. जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलात सोडले गेले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. पिंजऱ्यापेक्षा गोठ्यावरचा खर्च बरा.

शेळी मारली गेलीच, तर ती हलवू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. भरपाईसाठी जागेवरचा पंचनामा लागतो.