अंगावर काढलेली वर्षं

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, परभणी भागातल्या वस्त्यांमधून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरू लागतात. भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी, मांडीवरचं लेकरू. महाराष्ट्रभर दिवाळीचे आकाशकंदील लागतात तेव्हा ही कुटुंबं साखर कारखान्यांच्या आसपास, पाचटाच्या कोपीत मुक्कामाला आलेली असतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतली ती जोडीनं, फेडायचीही जोडीनं. दोघांतलं एक जरी फडावर आलं नाही तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. उजाडायच्या आत तोड सुरू होते. ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची आणि तोल सांभाळत फळीवरून वर चढायचं. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पाळीचे चार दिवस तिथंच निघतात, त्याच कपड्यानिशी.

मग ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, पाळीत रक्त जास्त जातं. यांतल्या बऱ्याच तक्रारींना औषध असतं, कधी ते आठवडाभराचंच असतं. पण औषधाला आणि आठवड्याला सवड नसते. गावी परतल्यावर एखाद्या खासगी दवाखान्यात सांगितलं जातं, की पिशवी खराब झाली आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल. ‘पिशवी काढली’ हे वाक्य या पट्ट्यात दात काढल्याइतकं सहज बोललं जातं. 2019 साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशभरात 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास आहे.

गर्भाशयाबरोबर अंडाशयंही निघाली, तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती एका दुपारीत होते. हाडं लवकर झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची आग होते, झोप उडते. आणि पुढच्या दसऱ्याला तिला पुन्हा मोळी उचलायची असते. आता बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. हे आवश्यकच होतं. पण ती बाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचण्याआधीची दहा-पंधरा वर्षं कुणाच्याच नोंदीत नाहीत.

त्या वर्षांना मराठीत एक नेमका शब्दप्रयोग आहे, ‘अंगावर काढणं’. ताप अंगावर काढला, दुखणं अंगावर काढलं. इथल्या बाईच्या आयुष्यातली बरीचशी आजारपणं या दोन शब्दांत मावतात. तिच्या शरीराकडे घर आणि सरकार दोघंही लक्ष देतात ते मुख्यतः पोटात मूल असताना. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षं तिची तिनं काढायची.

हे पहिल्यांदा आकड्यांत मांडलं गेलं ते गडचिरोलीत. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रुग्णांची नव्हे, तर गावात घरोघरी राहणाऱ्या बायकांची. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर जगभर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धरलं जात होतं. या दोन गावांनी तो समज मोडला.

मुलीच्या बाबतीत अंगावर काढायची सवय पहिल्या पाळीपासून लागते. गडचिरोलीच्या काही आदिवासी गावांत अजूनही कुर्माघर आहे, जिथं पाळीच्या दिवसांत मुलीला वेगळं राहावं लागतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये तशी झोपडी नसते, पण वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत मिळणारं पॅड असतंच. पोटात कळा येऊन मुलगी दर महिन्याला शाळा बुडवत असेल तर ‘सगळ्यांनाच होतं’ असं घरातली मोठी बाईच सांगते, कारण तिलाही तेच सांगितलेलं असतं. सगळ्यांना होतं ते वेगळं आणि उठू देत नाही ते वेगळं. दुसऱ्या प्रकारामागे एन्डोमेट्रिओसिससारखं कारण असू शकतं आणि ते कळायला कित्येकींची वर्षंच्या वर्षं जातात.

सगळ्यात अंगवळणी पडलेलं दुखणं म्हणजे रक्त कमी असणं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या, 2015-16 च्या पाहणीत हाच आकडा 48 होता. रस्ते वाढले, गॅस आला, मोबाइल आले आणि बाईचं रक्त मात्र उतरलं. धाप लागते, पायात गोळे येतात, केस गळतात, चिडचिड होते. यातलं एकही लक्षण घरात ‘आजार’ म्हणून मोजलं जात नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून कितीतरी गोळ्या दप्तराच्या तळाशी जातात. जेवणानंतर घेतली तर बहुतेकींना सोसते, पण हे वर्गात कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर पानातलं लोह पुरतं शोषलं जात नाही, लिंबू पिळलं तर जास्त शोषलं जातं, हेही तसंच. आणि सगळ्यांची पानं उठल्यावर बाई जेवायला बसते तेव्हा पातेल्यात भाजीचा रस उरलेला असतो. डाळ, अंडं, पालेभाजी आधीच्या पानांत गेलेली असते. ते मात्र कुठल्याही गोळीनं भरून येत नाही.

त्यात लग्न लवकर. राज्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. बीड जिल्ह्यात 43.7 टक्के. नवा कोयता लावायचा तर जोडी लागते आणि आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी मागं कुणाकडे ठेवायची, हा प्रश्नही तितकाच खरा असतो.

गरोदर होण्याआधीच्या काळाविषयी पुण्यात मोठं काम झालं आहे, पण त्याची चर्चा मराठी घरांत फार कमी होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रिया, त्यांची बाळंतपणं आणि पुढं त्यांची मुलं यांचा माग ठेवला. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. वजन कमी असूनही इथल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं जास्त निघाली. वरून बारीक, आतून जाड अशी ही बाळं पुढं मधुमेहाच्या वाटेवर लवकर लागतात. आईच्या शरीरातल्या बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा यात वाटा असल्याचं या अभ्यासातून पुढं आलं. बी-12 मिळतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. ज्या घरात दुधाचा पेला मुलाला आणि सासऱ्यांना आधी जातो, तिथं हे गणित सोपं नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत आणखी एक प्रयोग झाला. दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून बायकांना रोज एक खाऊ द्यायचा: पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला, चवीला नेहमीच्या तळलेल्या खाऊसारखा. त्या केंद्रावर येत आणि तिथंच बसून खात. घरी नेला असता तर तो पोरांच्या ताटात गेला असता, हे आखणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. बाळाच्या वजनावरचा परिणाम मर्यादित निघाला; आधीच फार बारीक असलेल्या आयांमध्ये तो दिसला नाही. पण गरोदरपणातला मधुमेह, जो हा खाऊ न मिळालेल्या गटात सुमारे 12 टक्के जणींना झाला, तो खाऊ खाणाऱ्या गटात 7 टक्क्यांवर थांबला. मूठभर पालेभाजीनं एवढं साधलं, फक्त ती वेळेवर आणि तिच्याच पोटात जायला हवी होती.

बाळंतपणात महाराष्ट्रानं खरोखर मजल मारली आहे, हेही मनापासून सांगायला हवं. 2018-20 मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. चौऱ्याण्णव टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात. ‘आशा’, परिचारिका, रात्री-अपरात्री धावणारी रुग्णवाहिका, यांचं हे श्रेय आहे. पण सव्वा महिना संपतो, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू संपतात, आणि बाईच्या प्रकृतीची चौकशीही संपते. रडू आवरत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, असं ओल्या बाळंतिणीनं सांगितलं तर तिला दृष्ट लागली असं म्हणतात. ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहे.

पुढं नसबंदी. राज्यात 49.1 टक्के विवाहित स्त्रियांनी ती करून घेतली आहे, पुरुषांच्या नसबंदीचा वाटा आहे 0.4 टक्के. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 मध्ये. त्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांचा आग्रह होता की बाईचा तिच्या शरीरावर हक्क आहे. शंभर वर्षांनंतरही पुरुषाची ती शस्त्रक्रिया तुलनेनं सोपी आणि कमी जोखमीची असूनही टेबलावर जाते ती बाईच.

चाळिशीच्या आसपास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढू लागतो. त्याविषयीची जगात गाजलेली दोन कामं याच मातीतली आहेत. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना सामील करून घेऊन झालेल्या चाचणीत, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयानं तर यंत्राशिवाय काम केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्या बायकांना चार आठवडे शिकवलं. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल कापसानं गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दिव्याच्या उजेडात बघायचं. जिथं पेशी बिघडलेल्या असतात तिथं पांढरा डाग उठतो. एवढ्यानं मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तरीही देशात 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमध्ये दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं एचपीव्हीवरची लसही केली आहे. ती नऊ ते चौदा वयात सर्वांत उपयोगी ठरते. तरी ‘एवढ्या लहान मुलीला कशाला’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. आजाराच्या कितीतरी आधी द्यायची म्हणूनच ती लस आहे.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षं आधी. हाडांची झीज तेवढी लवकर सुरू होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिळात त्याहून पुष्कळ जास्त. पण नुसतं खाऊन हाड टिकत नाही, त्यावर भार पडावा लागतो. पुण्या-ठाण्यात पन्नाशी-साठीच्या बायका मंगळागौरीच्या खेळांचे संच चालवतात. नऊवारीचा काचा मारून झिम्मा, फुगडी, पिंगा घालतात. एरवी वरच्या कपाटातला डबा काढताना खांदा धरणाऱ्या बायका तिथं तासभर पाय आपटतात. डॉक्टर वजन पेलणारा व्यायाम म्हणतात तो हाच. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत, त्यांनी मात्र उड्यांआधी तपासून घेतलेलं बरं.

यानंतर जे येतं त्याबद्दल बायका आपापसांतही बोलत नाहीत. अंग बाहेर येणं. लवकर झालेली बाळंतपणं, एकामागून एक, त्यानंतर चार दिवसांत उचललेली घागर किंवा मोळी, त्यामुळे कटीतळाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय खाली उतरतं. खोकलं की लघवी होते. बसता येत नाही, प्रवास नको वाटतो, लग्नाला जायचं टाळलं जातं. सत्तर वर्षांची आजी पंधरा-वीस वर्षं तो गोळा हातानं आत ढकलत जगते आणि सुनेलाही कळू देत नाही. शस्त्रक्रिया झेपत नसेल तर सिलिकॉनची एक रिंग असते. योग्य मापाची घेऊन डॉक्टर ती काही मिनिटांत बसवतात, भूल लागत नाही, मधूनमधून काढून धुवायची असते. रिंग नीट बसली की नाही हे पाहायला आजीला तिथंच चार पावलं चालायला, मग खाली वाकायला, मग खोकायला सांगतात. ती आधी पदर आवळून धरते, हलकंच खोकते आणि मग जरा जोरात खोकून बघते.