पुस्तकांचाही उतारा पाहू या



गाळप हंगाम सुरू झाला की आपण सारे दोन आकडे रोज विचारतो. ऊस किती टन गाळला, आणि उतारा किती पडला? नुसत्या टनावर समाधान मानणारा सभासद आम्हाला अजून भेटलेला नाही. टन भरपूर पण उतारा घसरला, तर सर्वसाधारण सभेत प्रश्न आलाच म्हणून समजा. उसाचा दरसुद्धा उताऱ्याशीच बांधलेला आहे.

पण हाच सभासद गावच्या वाचनालयाच्या कमिटीवर बसला की फक्त टन मोजतो. पुस्तके किती, कपाटे किती, पंखे किती, एवढे विचारून झाले की चहा. पुस्तक कोणी नेले, वाचून कोणाला काय वाटले, त्यावर चार माणसे कधी बोलली का, हा उताऱ्याचा प्रश्न कोणी काढत नाही.

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारत नाही. 'अमुक गावी पुस्तके व कपाट भेट' अशा बातम्या याच पानांतून छायाचित्रासह आम्हीच छापल्या. मागल्या वर्षी इगतपुरी तालुक्यात सभासदांच्या भेटीला गेलो असता मुद्दाम ही कपाटे पाहिली. एका गावी किल्ली सापडायलाच अर्धा तास लागला. उघडून पाहतो तो काय, ओल लागून पाने एकमेकांना चिकटलेली. इगतपुरीचा पाऊस कसा असतो ते आपणांस सांगायला नको; चार महिने बंद राहिलेल्या कपाटात पुस्तके कुजणारच. देवघेवीच्या वहीतील शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती. बेणे लावले, पाणी दिलेच नाही, अशी ही गत. म्हणून या अंकात थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

सहकाराचा आणि वाचनाचा संबंध काय?

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रिकेत ही पुस्तकांची भानगड कशाला? त्याचे उत्तर सहकाराच्या मुळाशीच सापडते. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली काही विणकर व कामगारांनी मिळून सहकारी दुकान काढले. सुरुवातीला विकायला होते ते लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या असले मोजके जिन्नस. पण याच मंडळींनी पुढे आपल्या वाढाव्यातून शेकडा अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम केला आणि सभासदांसाठी वाचनाची खोली व पुस्तके ठेवली. ज्या सभासदाला हिशेब कळत नाही, बोलता येत नाही, त्याची संस्था दुसराच कोणी चालवतो, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षण हे सहकाराचे एक तत्त्व मानले जाते, ते उगीच नव्हे.

आपल्या नाशकाकडे पाहा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, ज्याला सारे 'सावाना' म्हणतात, ते १८४० सालचे. म्हणजे थळ घाट चढून १८६५ साली रेल्वे इगतपुरीला पोहोचली, त्याच्या पंचवीस वर्षे आधीचे. या संस्थेने केवळ पुस्तके देण्या-घेण्यावर भागवले नाही. तिचे स्वतःचे नाट्यगृह आहे आणि जिल्ह्यातील लिहिणाऱ्यांचा साहित्यिक मेळावाही ती भरवत आली आहे. गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. कवी कुसुमाग्रज, म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, यांनी १९५० साली नाशकात लोकहितवादी मंडळ काढले. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना निघाली. त्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे ठेवतात आणि ठराविक काळाने गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. या पेट्या दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंत जाऊन पोहोचल्या. मग त्या आपल्या गावापर्यंत का पोहोचू नयेत?

सरकारी बाजूही माहीत असावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन वार्षिक अनुदान मिळते. पण अनुदानाने कपाट भरते, खोली भरत नाही. खोली माणसांनी भरावी लागते. त्याचे तीन मार्ग आता पाहू.

पहिला मार्ग : लेखकाची भेट

यात आम्ही सपशेल आपटलो, म्हणून आधी आमचीच फजिती सांगतो. इगतपुरीत आम्ही एका लेखकांना बोलावले. फलक लावला, मांडव घातला. मग प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, व्यासपीठावरील अकरा जणांचे सत्कार आणि प्रत्येकाचे 'दोन शब्द'. पाहुण्यांना परतीची पंचवटी एक्स्प्रेस गाठायची होती. त्यांच्या वाट्याला पंधरा मिनिटे आली. ते स्टेशनाकडे निघाले तेव्हा ध्यानात आले की, सभागृहात त्यांचे एकही पुस्तक वाचलेला माणूस नव्हता. आम्हीसुद्धा नाही.

त्यातून शिकलो ते असे. पाहुण्यांचे पुस्तक महिनाभर आधी आणावे, निदान चार प्रती. ते दहा जणांनी वाचलेले असावे. प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणावा, म्हणजे ऐनवेळी माना खाली जात नाहीत. सत्कार एक, आणि हाराऐवजी आपल्या शेतातले तांदूळ दिले तरी चालते. लेखकाने चाळीस मिनिटे बोलावे, पुढे तेवढाच वेळ प्रश्नांना. जाण्या-येण्याचा खर्च व मानधन पत्रात आधीच कळवावे. लेखकालाही पोट असते. आणि तारीख ठरवताना भाताची कापणी, लग्नसराई व आगगाडीचे वेळापत्रक हे तिन्ही पुढ्यात घेऊन बसावे.

दुसरा मार्ग : वाचक मंडळ

हा सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत गुणाचा मार्ग. आठ ते पंधरा माणसे महिन्यातून एकदा जमतात आणि एकाच पुस्तकावर बोलतात. यात वक्ता नाही, अध्यक्ष नाही. एकाने फक्त बोलण्याची पाळी सांभाळायची.

"अहो, पण आमच्यातल्या निम्म्यांना भरभर वाचता येत नाही," अशी शंका आली. त्यावर तोड सोपी निघाली. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. हरिविजय, पांडवप्रताप आपल्या गावांत असेच वाचले गेले. पोथी ऐकणाऱ्याला कोणी अडाणी म्हटले नाही.

पहिल्या खेपेला आम्ही शिरवाडकरांचे 'नटसम्राट' घेतले. हे नाटक १९७० सालचे. थकलेला नट गणपतराव बेलवलकर आपली सारी मिळकत मुलांना वाटून देतो आणि पुढे त्याला व त्याच्या बायकोला मुलांच्या दारी अपमान सोसावा लागतो, ही त्यातली गोष्ट. नाटक तीन बैठकांत वाचून झाले. पहिल्या दोन बैठकांत काही मंडळी भिंतीला टेकून नुसती बसून होती. तिसऱ्या बैठकीत सत्तरीचे एक सभासद बोलले, "माझ्या नावावर आता काहीच नाही. सातबारा पोरांच्या नावावर केला. पोरं चांगली आहेत हो. पण चहा मागताना आता जीभ अडखळते."

खोलीत कोणी काही बोलेना. मग मागे बसलेल्या एका ताई म्हणाल्या, "बाबा, तुमचं खरं आहे. पण या नाटकात सुनेला वाईट करून ठेवलंय. दिवसभर घरात कोण राबतं, तिच्या नावावर काय असतं, हे कोण विचारणार?" त्यावर जी चर्चा झाली, ती आमच्या कोणत्याही सभेत झालेली नव्हती. कोणी कोणाला गप्प केले नाही. ते बाबाही मान हलवून म्हणाले, "हेही खरंच की."

पुढच्या बैठकीला एका वकिलांना बोलावले. त्यांनी सांगितलेली गोष्ट सर्व सभासदांनी लक्षात ठेवावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यानंतर करून दिलेल्या बक्षीसपत्रात 'सांभाळ करावा' अशी अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करण्याची मागणी प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणापुढे करता येते. म्हणून अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असणे महत्त्वाचे. हे कायद्याचे ज्ञान व्याख्यान ठेवून दिले असते, तर पाचजण आले असते. नाटकामागून ते आले, म्हणून खोली भरली. पुस्तकाचा उतारा आम्ही म्हणतो तो हाच.

मंडळासाठी तीन नियम पुरतात. न वाचता आलेल्यालाही बसू द्यावे. पुस्तक आवडले नाही असे म्हणायची मुभा असावी. आणि इथे निघालेली घरची गोष्ट चावडीवर न्यायची नाही. हा तिसरा नियम मोडला की मंडळ मोडले. वेळ दुपारची ठेवावी, म्हणजे बायाबापड्यांना येता येते. संध्याकाळी ठेवलेल्या बैठकीला फक्त पुरुष येतात, हा आमचा अनुभव आहे.

तिसरा मार्ग : चित्रपट

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झळकला. त्याच वर्षी ते नाशकाला आले आणि पुढचे चित्रपट इथे तयार झाले. खुद्द शिरवाडकरांनी तरुणपणी, १९३४ च्या सुमारास, नाशकात निघालेल्या 'सती सुलोचना' चित्रपटाची कथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तेव्हा पुस्तक आणि पडदा यांचे आपल्या जिल्ह्यात भांडण कधीच नव्हते.

आधी पुस्तक वाचायचे, मग त्यावरचा चित्रपट पाहायचा, आणि काय गाळले, काय वाढवले यावर बोलायचे, ही रीत चांगली. 'नटसम्राट'वर २०१६ साली चित्रपट आला. तो दाखवावा असे आमच्या मनात होते. पण परवानगीचे आम्हाला आठ दिवस आधी सुचले आणि बेत रद्द करावा लागला. चूक आमचीच.

म्हणून नियम नीट समजून घ्या. घरच्या वर्गणीवर मोबाइलला दिसणारा सिनेमा गावाला पडद्यावर दाखवता येत नाही. तिकीट नसले तरी हक्क असणाऱ्याची लेखी परवानगी लागते. चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, त्याची मुदत २०१३ अखेर संपली. तरीही पटकथा व गाणी यांचे हक्क वेगळे असू शकतात, हे जाणकाराला विचारून घ्यावे. फाळक्यांच्या मूकपटांचे जे भाग शिल्लक आहेत ते दाखवायला सोपे. सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहावे, आणि जाहीर खेळाला परवाना लागतो का ते तहसील कार्यालयात आधी विचारावे. बाकी सामान म्हणजे प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि बरा आवाज. खेळ संपल्याबरोबर दिवे लावून लोकांना घरी पाठवू नये. अर्धा तास बोलणे व्हावे, नाहीतर तो नुसता सिनेमा.

आता काय करायचे?

खर्चाचा बाऊ करू नये. वाचक मंडळाला चार प्रती, सतरंजी आणि चहा एवढेच लागते. आमची सूचना अशी की, यापुढे ज्या गावाला पुस्तके द्यायची, त्या गावाने आधी दहा वाचकांची यादी द्यावी आणि किल्ली कोणाकडे राहील ते लिहून कळवावे. पुढच्या खेपेची पुस्तके बैठकांची वही पाहूनच द्यावीत. ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामभर आपल्या फडावर असतात. एक पेटी त्यांच्या कोपीपाशी गेली आणि आपल्यातल्या कोणी संध्याकाळी तासभर गोष्ट वाचून दाखवली, तर या योजनेचे चीज झाले असे आम्ही मानू.

खोडवा चांगला यावा असे वाटत असेल, तर पहिल्या तोडणीनंतर पाचट, पाणी आणि खत यांची आठवण ठेवावी लागते. मंडळाचेही तसेच आहे. पहिल्या वर्षीच्या उत्साहावर दुसरे वर्ष निघत नाही. इगतपुरीचे मंडळ सध्या चौदा जणांचे आहे. ते बाबा दर महिन्याला सर्वांआधी येऊन सतरंजी घालतात. आपल्या गावी कोणी सुरुवात केली असेल, किंवा करून फसली असेल, तर आम्हाला अवश्य लिहा. फसलेल्याचीही हकीकत छापू. आमची छापलीच आहे.