वर्ध्याला आलेले क्रिप्स

सर स्टॅफर्ड क्रिप्स यांचा जन्म 1889 चा, लंडनचा. शिक्षण रसायनशास्त्राचं, पोटापाण्याचा धंदा वकिलीचा. 1931 मध्ये ते मजूर पक्षातर्फे ब्रिस्टल पूर्वमधून खासदार झाले. कम्युनिस्टांसह संयुक्त आघाडीचा हट्ट सोडेनात म्हणून 1939 च्या जानेवारीत पक्षानं त्यांना काढून टाकलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते वर्ध्याला आले आणि गांधीजींना भेटले. गांधीजींचा सेवाग्राम आश्रम वर्ध्यापासून काही मैलांवरच. पाहुणे स्वतः शाकाहारी, त्यामुळे आश्रमातलं जेवण त्यांना जड गेलं नसावं!

पुढे मॉस्कोत राजदूत. 1942 च्या मार्चमध्ये चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाचा प्रस्ताव घेऊन ते दिल्लीत उतरले: युद्धानंतर वसाहतीचं स्वराज्य, प्रांतांना बाहेर राहण्याची मुभा, संरक्षण मात्र युद्धभर इंग्रजांकडेच. काँग्रेसनं नकार दिला, मुस्लिम लीगनंही. प्रस्तावात वचन पुढचं होतं आणि अडचण आत्ताची, तिथंच गाडी अडली. 14 जुलैला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला, तोही वर्ध्यातच.

1946 मध्ये भारतात आलेल्या ब्रिटिश त्रिमंत्री शिष्टमंडळातही क्रिप्स होते.

1947 ते 1950 ते ब्रिटनचे अर्थमंत्री. रेशन, काटकसर, चढे कर. सप्टेंबर 1949 मध्ये त्यांनी पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला. पाठोपाठ आपला रुपयाही उतरला. प्रकृती ढासळल्यानं त्यांनी पद सोडलं. 21 एप्रिल 1952 रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.